विमानातून पीक पाहणी

वास्को, गोवा
३० सप्टेंबर, दिवेलागण

तीर्थस्वरूप पार्वतम्मा आत्यास,

तुझा नांदेडकर भाचा रविकिरण याचं गोव्याहून शरणु शरणार्थी. गुडघा कसा हाय? तेल लावून राहिलीस, का नुसती बाटलीकडं बघून राहिलीस? म्हैस वैरण खाती का? हिरीला पाणी कुठवर आलं? सोयाबीन पिवळं पडून पानं गळाय लागली असतील, म्हणजे तू सकाळच्या पारी बांधावर जाऊन उभी राहत असशील, आणि गुडघ्याला आराम द्या असं डॉक्टरनं सांगितलेलं तू सोयाबीनला सांगत असशील. माझी तब्येत बरी हाय. कानाला अजून दडे बसलेत आणि डाव्या दंडावर नबीलच्या पाच बोटांचे पाच वळ हायत, बाकी मजेत.

पत्र कामून लिहून राहिलो म्हणशील, तर तू फोन उचलून राहिली न्हाईस. नऊ दिवस झाले. मी एकोणीस फोन केले. दरवेळी शेजारच्या तुळजाबाई उचलतात आणि म्हणतात, बाई शेतात गेल्यात. आत्या, दुपारी दोनला शेतात, मान्य. रात्री आठला कोणतं शेत? म्हणून हे सगळं टॅबवर टाइप करून तुळजाबाईंच्या फोनवर पाठवून राहिलो. फोन कापता येतो, पण तुळजाबाईंनी वाचायला सुरुवात केली की ते कापायची सोय न्हाई. पस्तीस वर्षं अंगणवाडीत लेकरांना गोष्टी सांगितलेली बाई हाय ती. (तुळजाबाई, कंसातलं फक्त तुमच्यासाठी हाय, मोठ्यानं वाचायचं न्हाई. चष्मा पुसून घ्या, आणि आत्या उठून जायला लागली तर दार लावून घ्या.)

तर गेल्या वर्षीपासून सांगतो, कारण सगळं तिथून सुरू झालं. तू सोयाबीनचे कट्टे ट्रॅक्टरवर घालून खरेदी केंद्रावर गेलतीस आणि मी शहाण्यासारखा सातबारा धरून मागं उभा होतो. तिथल्या माणसानं उताऱ्यावर बोट फिरवलं आणि म्हटला, "मावशी, तुमचं शेत तर पड दिसतंय." तू विचारलंस पड म्हंजे काय, तो म्हटला म्हंजे काहीच पेरलं न्हाई. मागं ट्रॅक्टरभर सोयाबीन उभं, आणि कागदावर पड. तू त्याला फक्त एकच विचारलंस, "मग मी वर्षभर कुठं जात होते?" उत्तर माझ्यापाशी होतं. ॲपवर पिकाची नोंद करायचं काम मी अंगावर घेतलं होतं आणि विसरलो होतो. तू मला एक शब्द बोलली न्हाईस. त्या रात्री मला जेवायला वाढलंस, भाकरीवर दोनदा तूप घातलंस, आणि सकाळी उठून परत शेतात गेलीस. तू शिव्या दिल्या असत्यास तर मी तिसऱ्या दिवशी विसरलो असतो. ते तूप अजून घशात हाय.

म्हणून यंदा लातूरला सिद्धेश्वराच्या पायरीवर उभं राहून मी बोललो, की आत्याचं शेत यंदा पड लागलं तर मी तिच्या ताटात जेवणार न्हाई. आणि आता खरं सांगायची वेळ आली. मागच्या रविवारी, म्हणजे एकवीस तारखेला, मी तुला सांजच्याला फोन केला आणि सांगितलं, झालं आत्या, शेतात जाऊन नोंद करून आलो. तू म्हणालीस, "बरं." मग परत म्हणालीस, "बरं." तर आत्या, ते खोटं होतं. मी लातूरला आलतो हे खरं. गंजगोलाईत पांढरे बूट घेतले हेही खरं (तुळजाबाई, बुटाची किंमत विचारू नका). तिथून रेणापूरपर्यंत आलो, फाट्यापासून आपल्या शेताच्या रस्त्याला लागलो, आणि बघतो तर रात्रीच्या पावसानं काळ्या रानाचा रस्ता असा झालता की पाय टाकला तर बूट रानाचा, पाय माझा. मी बुटाकडं बघितलं, रस्त्याकडं बघितलं, आणि म्हटलं शेवटच्या तारखेला अजून नऊ दिवस हायत. मग वळलो. लाज वाटून राहिली लिहिताना, पण तुला समोरासमोर सांगायची हिंमत न्हाई आणि तू फोन उचलून राहिली न्हाईस, तेव्हा इथंच सांगून टाकतो.

नऊ दिवस कसे गेले ते विचारू नको. क्लासमध्ये नवीन पोरांची बॅच आली, चारशे टॅबमध्ये फिजिक्स-बायोलॉजीचे लेक्चर भरायचं काम माझ्या एकट्याच्या गळ्यात. काल सोमवारी रात्री पिशवी भरताना एकदम आठवलं की उद्या शेवटची तारीख, आणि उद्या अकराला माझं गोव्याचं विमान. आता तू म्हणशील तू कोण लागून गेलास विमानानं गोव्याला जाणारा. मी कुणी न्हाई आत्या. हे नबीलचं काम. नबील म्हणजे माझ्या खोलीखाली मोबाइल दुरुस्तीचं दुकान हाय तो, तुझ्या शेंगाचटणीचा अर्धा डबा खाऊन गेलता तोच. त्याची बहीण सबिहा इथं वास्कोला दिलेली हाय, तिला पाचवा महिना लागला, तर अम्मीनं केलेले लाडू पोचवायचे होते. नबील दिवसाला वीस फोन खोलून परत जोडतो, पण विमानाला घाबरतो. तीन महिन्यांमागं त्यानं दोन तिकिटं काढली आणि मला म्हटला, रव्या, तेरेकू कुच करना नै, बस बाजू में बैठ. हो म्हणून बसलो. आता ऐन वेळी त्याला सोडून रेणापूरला पळालो तर लाडू पोचत न्हाईत, आणि न पळालो तर तू परत पड.

रात्रभर डोकं खाजवलं. सकाळी नबीलला सांगितलं तर तो चहा पीत पीत म्हटला, "इसमें क्या है? नांदेड से गोवा सीधी लाइन मार." आम्ही टॅबवर नकाशा उघडला आणि त्यावर स्टीलची पट्टी ठेवली. आत्या, खोटं सांगत असंल तर जीभ झडो. पट्टी नांदेडहून निघाली, लोह्यावरून गेली, अहमदपूरवरून गेली, आणि रेणापूरच्या अलीकडं आपल्या लिंबाच्या झाडावरून पुढं गेली. गट नंबर एकशे बारा, बरोबर पट्टीखाली. मी म्हटलं, अरे पण ॲप शेतात उभं राहून फोटो मागतं. (आत्याला समजावून सांगा तुळजाबाई: हे ॲप असं हाय की तुम्ही कुठं उभं हाय ते टॅब आकाशातल्या उपग्रहाला विचारतो, आणि शेतात नसाल तर सांगतो की शेत इतकं इतकं लांब हाय. नेट नसलं तरी चालतं, फोटो जमा करून ठेवायचा आणि मग पाठवायचा.) त्यावर नबील जे बोलला ते मी त्याच्याच शब्दांत देतो, कारण तेवढी अक्कल मला न्हाई. "सॅटेलाइट को क्या मालूम तू जमीन पे खडा है के हवा में बैठा है? उसकू तो ऊपर से सब चपटा दिखता."

मला पटलं. आत्या, सकाळी सहाला, न झोपता, तुलाही पटलं असतं. फक्त एक अडचण राहिली. शेत खाली येणार, पण फोटोत पीक पाहिजे, आणि खिडकीतून दिसणार ढग. तर मी गाडी काढली आणि धनेगावकडं एका शेतकऱ्याला विचारून सोयाबीनचं एक झाड मुळासकट उपटून आणलं. तो म्हटला, कशाला पाहिजे? मी म्हटलं, फोटोला. तो म्हटला, इथंच काढ की. मी म्हटलं, इथं न्हाई चालत, रेणापूरला काढायचाय, विमानातून. त्यानं अजून एक झाड दिलं. एवढ्यावरून मला वेड्यात काढू नको. माझ्या हिशोबानं यात खोटं काहीच नव्हतं. पीक खरं होतं, शेत खरं होतं, तू पेरलेलंही खरं होतं. फक्त सगळं एका जागी नव्हतं.

विमानतळावर नबीलला घाम फुटलेला आणि मी सोयाबीन पेपरात गुंडाळून लेकरागत छातीशी धरलेलं. तपासणीला टॅब वेगळा ट्रेमध्ये ठेवायला लावतात, बेल्ट काढायला लावतात, तेवढं मला माहीत होतं. सोयाबीनचं कुणालाच माहीत नव्हतं. मशीनच्या पडद्यावर बघणारा माणूस दोनदा मागंपुढं करून बघाय लागला. शेवटी एक पोलीस बाई आल्या, पेपर उलगडला, आणि माझ्याकडं बघून म्हटल्या, "हे काय हाय?"

"सोयाबीन."

"ते मलाबी दिसतंय. मी हदगावची हाय. वाण कोणतं?"

आता दुसऱ्याच्या रानातलं झाड, वाण मला काय माहीत? मी तुझ्याकडं असतं ते नाव ठोकून दिलं. बाईंनी एक शेंग फोडली, दाणे तळहातावर घेतले, पान उलटं करून बघितलं आणि म्हटल्या, हे ते वाण न्हाईच, आणि पानावर पिवळा डाग हाय, फवारणी कधी केलीती? मागं रांग लागलेली, नबील देवाचं नाव घेऊन राहिला, आणि मी हातात बेल्ट धरून फवारणीचा पाठ ऐकून राहिलो. त्यांच्याकडं यंदा पाण्यानं किती गेलं, त्यांच्या भावानं पेरणीला किती उशीर केला, सगळं झालं. शेवटी त्या म्हटल्या, "रोप ने, पण मुळाची माती झटक. माती घेऊन विमानात चढतो का कुणी?" मी डब्यात माती झटकली. तुझ्या शेतात न्यायच्या झाडाची माती विमानतळाच्या डब्यात झटकावी लागली, तेव्हाच मला कळायला पाहिजे होतं की हे काम सोपं न्हाई.

विमान लहान होतं. नबील खिडकीशी, मी मधल्या रस्त्याकडं, आणि रस्त्यापलीकडं एक गृहस्थ, पांढरी टोपी, कपाळाला तीन बोटांचा भस्म. बसल्या बसल्या त्यांनीच ओळख सांगितली, मी बसलिंगप्पा, लातूरला आडत हाय, गोव्याला जावयाकडं चाललो. नबीलनं बसताच माझा दंड पकडला. विमान उभं होतं तेव्हा पकडला, लक्षात घे. मी टॅब काढून मांडीवर ठेवला, ॲप उघडलं, गट नंबर टाकला, पीक सोयाबीन, क्षेत्र टाकलं, सगळं तयार. तेवढ्यात हवाई सुंदरी आली (तुळजाबाई, हा शब्द वाचायला हरकत न्हाई, पेपरातबी येतो) आणि म्हटली, फ्लाइट मोड. मी फ्लाइट मोड लावला. मग म्हटली, टॅब बॅगेत ठेवा, उड्डाण झाल्यावर काढा. मी विचारलं, ताई, उड्डाणानंतर रेणापूर किती मिनिटांनी येतं? ती म्हटली, सर, आपण गोव्याला चाललोय. मी म्हटलं गोव्याला तुम्ही जावा, मला फक्त रेणापूर पाहिजे. ती पुण्याची असावी, हसली आणि पुढं गेली.

विमान उडलं. नबीलनं डोळे मिटले आणि अम्मीची, सबिहाची, सबिहाच्या होणाऱ्या लेकराची, सगळ्यांची एकदाच माफी मागितली. मी घड्याळ बघून राहिलो. आमच्या हिशोबानं पंधरा-सोळा मिनिटांत आपलं शेत. बेल्टचा दिवा बंद झाला तेव्हा नऊ मिनिटं गेलती. मी टॅब काढला आणि नकाशावरचा माझा ठिपका बघितला, तर तो अजून नांदेडच्या विमानतळावर, तेही मुतारीच्या जागी. मी टॅब नबीलच्या अंगावरून खिडकीला नेऊन चिकटवला. एक मिनिट काही न्हाई. मग ठिपक्यानं एकदम उडी मारली आणि लोह्याच्या पुढं जाऊन बसला. आत्या, मी आजवर परीक्षेचे निकाल बघितलेत, पण अंगावर काटा आला तो त्या ठिपक्यानं. अहमदपूर आलं, गेलं. ॲपमध्ये आकडा येऊन राहिला: शेत एकतीस किलोमीटर लांब. सव्वीस. एकवीस. ढगाशिवाय खाली काही दिसत नव्हतं, पण आकडा तुझ्याकडं चाललता.

मी पेपर उलगडला आणि झाड काढलं. ते बघून बसलिंगप्पा अण्णांचा हात आपोआप पुढं आला. आडतवाल्याचा हात हाय तो, त्याला माल दिसला की विचारत न्हाई. त्यांनी दोन शेंगा तोडल्या, एक दाणा दाताखाली धरून कटकन चावला, डोळे मिटले आणि म्हटले, "ओल हाय. आठ दिवस अजून लागतील." मी म्हटलं अण्णा, फोटोला ठेवा की. ते म्हटले, फोटोला दाणा लागत न्हाई, झाड लागतं. तोवर मागच्या दोन माणसांनी दुसरं झाड मागून घेतलं, त्यांच्यात शेंगा मोजायची चढाओढ लागली, एक म्हटला आमच्याकडं झाडाला साठ लागतात, दुसरा म्हटला तुमच्याकडं बोलायला साठ लागतात. हवाई सुंदरी पाण्याची गाडी घेऊन आली तेव्हा रस्त्यात शेंगांची टरफलं पडलेली. तिनं इतक्या अदबीनं विचारलं, सर, हे खायचं आहे का? बसलिंगप्पा अण्णा म्हटले, "खायचं न्हाई बाई, बाजाराचा अंदाज घेऊन राहिलो."

आकडा बारा. मी नबीलला म्हटलं, झाड खिडकीशी धर, मी फोटो घेतो. तो म्हटला, आँखें नै खोलूंगा. मी म्हटलं, आँखें मत खोल, हात खोल. त्यानं माझा दंड सोडायला नकार दिला, पण दुसऱ्या हातात झाड धरलं. नऊ किलोमीटर. सात. मी मनात हिशोब केला. विमान ताशी पाचशेच्या वर, आणि आपल्या शेताची लांबी बांधापासून हिरीपर्यंत दीडशे मीटर. म्हणजे आपलं शेत विमानाला फक्त एक सेकंद लागतं. आत्या, मी तिथं टॅब धरून बसलेलो आणि मला एकदम तुझे पाय आठवले. तू पेरणीपासून काढणीपर्यंत त्या दीडशे मीटरमध्ये पायांची माती करून घेतेस, आणि वरून जाणाऱ्याला त्याचा एक सेकंद लागतो. तेव्हाच ठरवलं की हा सेकंद मी सोडणार न्हाई. बोट बटणाच्या वर आणून ठेवलं. चार किलोमीटर. तीन.

आणि पडद्यावर प्रश्न आला. बेडकाच्या हृदयाला किती कप्पे असतात?

आता हे तुला समजावून सांगायला पाहिजे. हा टॅब क्लासचा हाय. माझ्या फोनचा कॅमेरा गणपतीत फुटला म्हणून मी हा आणला. क्लासच्या टॅबमध्ये पोरांनी दुसरं काही बघू नये म्हणून असं कुलूप असतं, की अभ्यास सोडून दुसरं काही वीस मिनिटं उघडं राहिलं की एक प्रश्न येतो. बरोबर उत्तर दिल्याशिवाय टॅब पुढं जात न्हाई. एक चुकलं की दुसरा प्रश्न, आणि तो जमला की चुकलेला परत येतो. आमच्या सरांनी लातूरहून नांदेडला येऊन क्लास काढला, त्यांना फार अभिमान हाय त्या कुलपाचा. आणि चारशे टॅबमध्ये ते कुलूप बसवणारा माणूस कोण? मीच. मी सोबत आणलेल्या या टॅबचं तेवढं काढायचं राहून गेलतं.

मी घाईनं चार दाबलं. चूक. आपल्याला चार असतात म्हणून बेडकालाबी चार, असं मला वाटलं. दुसरा प्रश्न आला, झुरळाला डोळे किती. मी ओरडलो, झुरळाला डोळे किती? मागचा म्हटला दोन, दुसरा म्हटला झुरळाला डोळे असते तर ते चपलेखाली आलं असतं का? बसलिंगप्पा अण्णा म्हटले, शेतकरी माणसाला झुरळाचं काय विचारता, कुणी शाळेतलं हाय का विमानात? विमानात कुणीतरी डॉक्टर निघावा, मास्तर निघावा, काही न्हाई, सगळे आडत, हॉटेल आणि लग्नकार्यवाले. मी दोन दाबलं, ते बरोबर निघालं, आणि बेडूक परत आला. तेव्हा नबीलनं डोळे न उघडता, घामानं भिजलेल्या तोंडानं सांगितलं, "तीन." (तुळजाबाई, नबील बारावीला बायोलॉजीत जिल्ह्यात पहिल्या दहात होता. त्याच्या अब्बांचं दुकान सांभाळावं लागलं म्हणून राहिलं. ही गोष्ट मला विमानातच कळली, सहा वर्षांच्या ओळखीत पहिल्यांदा.) मी तीन दाबलं. कुलूप उघडलं. ॲप आलं. मी फोटो दाबला. ॲपनं सांगितलं: तुम्ही शेतापासून चौदा किलोमीटर लांब हायत.

चौदा. पण शेत ओलांडून पुढचे चौदा.

मी उठून हवाई सुंदरीला विचारलं की पायलट साहेबांना एक गोल चक्कर मारायला सांगता येईल का, फार मोठा न्हाई, रेणापूरपुरता. तिनं मला बसायला सांगितलं. बसलिंगप्पा अण्णांनी माझी बाजू घेतली, म्हटले ट्रॅक्टरवालाबी शेत सुटलं तर वळतो. काही उपयोग झाला न्हाई. तरी मी सोडलं न्हाई. ॲपनं विचारलं, शेतापासून लांबून फोटो काढायचं कारण लिहा. मी लिहिलं, विमान थांबत न्हाई. जतन केलं. फोटोत खिडकी हाय, बाहेर पांढरा ढग हाय, नबीलचा मिटलेल्या डोळ्यांचा अर्धा चेहरा हाय, आणि तीन शेंगा उरलेलं सोयाबीनचं झाड हाय. हे कुणी मान्य करील का मला माहीत न्हाई. पण मी पाठवणार हाय. त्यांनी न्हाई म्हटलं तर परत पाठवणार हाय. परवा विमानानं परत येताना उजव्या बाजूची खिडकी मागणार हाय, कुलूप काढून ठेवणार हाय, आणि तारीख गेली तर तहसीलला अर्ज करणार हाय, अर्जाला न्हाई म्हटलं तर त्याच्यावर अर्ज करणार हाय. यंदा तुझं शेत पड लागू देणार न्हाई, हे मी आता सिद्धेश्वरासमोर न्हाई, तुझ्यासमोर बोलून राहिलो.

लाडू पोचले. सबिहानं दोन तिथंच उभ्यानं खाल्ले. नबील जमिनीवर आला तेव्हापासून विमानात काय काय गंमत झाली ते सगळ्यांना सांगून राहिला, जसा काही डोळे उघडे ठेवून बसलता.

गुडघ्याला तेल लाव. म्हशीला माझा नमस्कार न्हाई, ती मला मारते. मोठ्यांना शरणु, लहान कुणी असंल तर आशीर्वाद.

तुझा खोटारडा पण आता न ऐकणारा भाचा,
रविकिरण

ता. क. पत्र पाठवायच्या आधी सबिहाच्या घरच्या वायफायवर नोंद पाठवली. ॲपनं सांगितलं की गट नंबर एकशे बाराची नोंद आधीच झालेली हाय. मला वाटलं कुणी दुसऱ्यानं गडबड केली. उघडून बघितलं. तारीख एकवीस सप्टेंबर, वेळ दुपारी सव्वातीन. म्हणजे मी फाट्यावर बुटाकडं बघत होतो तेव्हाच. फोटोत सोयाबीन हाय, मागं लिंबाचं झाड हाय, आणि मधोमध तू उभी हायस, पदर खोचलेला, कंबरेवर हात, कॅमेऱ्याकडं असं बघून राहिलीस की बघणाऱ्यानं आधी तुझं नाव लिहावं आणि मग पिकाचं. कोपऱ्यात फोटो काढणाऱ्याचा अंगठा आलाय. (तुळजाबाई, अंगठा तुमचा हाय. एकोणीस वेळा फोन उचलला, एकदातरी सांगायचं.) म्हणजे सांजच्याला मी "झालं" म्हणून सांगितलं तेव्हा तुझ्या पायाचा चिखल वाळलाबी नसंल. आणि तू दोनदा बरं म्हणालीस.

दुसरा ता. क. मग मला वाटलं, आत्याला आता ॲप येतंच, तर तुझ्या बांधाला लागून बाबांच्या वाट्याचा जो दोन एकराचा तुकडा हाय, गट एकशे तेरा, त्याचीबी नोंद करून दे म्हणावं. आज रात्री बारापर्यंत वेळ हाय, बांधावरून एक पाऊल पलीकडं टाकलं की झालं. तसं लिहूनबी काढलं होतं. मग तुझा फोटो परत मोठा करून बघितला. तुझ्या मागं उजव्या हाताला आमचा तुकडा दिसतो. गवत हाय, बोरीबाभळी हायत, कुणाची तरी शेळी हाय. बाबा गेले त्याला तीन वर्षं झाली, मी त्यात पाय ठेवला न्हाई. तिथं कशाची नोंद करणार? ते खोडून टाकलं.

तिसरा ता. क. आणि हेच खरं काम, बाकी पत्र यासाठीच होतं असं समज. परवा परत येतो, नांदेडला न उतरता सरळ तुझ्याकडं येतो म्हटलं असतं, पण विमान थांबत न्हाई, म्हणून शनिवारच्या एसटीनं येतो. रब्बीला बाबांच्या तुकड्यात हरभरा पेरायचा हाय. गवत मी काढतो, बाभळी मी तोडतो. तुझं बी दे, तुझी तिफण दे, आणि पहिले दोन दिवस बांधावर उभी राहून सांग, कुठं चुकून राहिलो ते. शिव्या दिल्यास तर बरं, तूप वाढू नको. नोंद मी करीन, शेतात उभा राहून. आणि तोवर फोन उचल. न उचललास तरी मी येणारच हाय, आणि शेळी कुणाची हाय ते विचारून ठेव.